दाजींनी भरलेले सांधे

आमच्या घरातले नळ अजूनही दोन हातांनी उघडावे लागतात. दाजी येऊन गेले की आठवडाभर कुणाला डबा उघडता यायचा नाही, बाटलीचं बूच निघायचं नाही, आणि माझी बायको चरफडत म्हणायची, "तुमच्या ताईच्या नवऱ्याला सांगा, हे घर आहे, बॉयलर नाही." मी सांगायचो. दाजी हसायचे आणि जाता जाता दाराच्या कडीचा एक स्क्रू आवळून जायचे. सैल काही दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. जन्मभर इंजिनात हात घातलेला माणूस. गळती दिसली की आवळायचं, हे एवढंच शास्त्र ते मानत. बाकी स्वभाव इतका मवाळ, की बाजारात कुणीही नासका माल त्यांच्या गळ्यात मारावा.

माझे वडील लाकडी लाँचा बांधायचे. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, पण माझ्या हातात त्यांनी कधी रंधा दिला नाही. सात वर्षांचा असताना मी त्यांची चांगली पटाशी दगडावर घासून बोथट केली होती. तेव्हापासून 'तू आपला पाटी-पेन्सिल घे' असं ठरलं ते ठरलंच, आणि मी पुढे शाळेत कारकून झालो. ताई मात्र सारखी त्यांच्या शेडमध्ये असायची. फळ्यांच्या सांध्यांत भरायचा कापूस ती वळून द्यायची, आणि नुसता तळहात फिरवून कुठली फळी वर आली, कुठली दबली ते सांगायची. बाबा तिच्या हातावर माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवायचे. पण मुलगी पडली, त्यामुळे धंदा काही तिला मिळाला नाही. त्याऐवजी इंजिनवाला नवरा मिळाला.

बाबांनी बांधलेली शेवटची लाँच या दोघांसाठीच होती. वीस माणसं बसतील एवढी. दाजींनी तिच्यात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं आणि नऊ वर्षं दोघांनी मिळून या काठावरची माणसं त्या काठाला पोहोचवली. ताई तिकिटं फाडायची, दाजी सुकाणू धरायचे. मग नदीवर पूल झाला. पूल सुरू झाला त्या आठवड्यात लाँचला एक म्हातारी आणि तिची शेळी एवढेच उतारू उरले, आणि शेळीचं तिकीट ताईने कधीच घेतलं नव्हतं. महिनाभर वाट पाहून दाजींनी लाँच ओढून वीटभट्टीच्या रिकाम्या गोदामात ठेवली आणि स्वतः पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला लागले.

बाबांनी तेव्हाच बजावलं होतं, "जावईबापू, लाकडी लाँच कोरडी ठेवू नका. वर्षातून पंधरा दिवस तरी तिला पाणी दाखवा, नाहीतर फळ्या आकसतात." दाजी दरवर्षी म्हणायचे, यंदा नक्की. पण पंपावर तीन पाळ्या, सुटी मिळायची ती झोपेत जायची, आणि लाँच ओढायला पाच-सहा माणसं लागायची. खोटं कशाला बोलू, आम्हीही कुणी पुढे झालो नाही. सहाव्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवसांत त्यांनी दाजींना विचारलं, "तिला पाणी दाखवलं का?" दाजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "दाखवलं." ताई तिथेच उभी होती. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यानंतर आठ वर्षं त्या घरात लाँचचं नाव निघालं नाही. भांडण असतं तर मिटलं तरी असतं. ताई दाजींचं सगळं वेळच्या वेळी करायची, हसून बोलायची, फक्त नदीकडे जायचं असलं की माझ्या बायकोला सोबत घ्यायची. दाजींना ते लागायचं. मला एकदा म्हणाले, "तुझी ताई रागावत नाही रे, तीच पंचाईत आहे."

दाजी निवृत्त झाले त्याच वर्षी ताईच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डावा डोळा कधी गेला ते तिलाही कळलं नव्हतं, आणि उजव्याने नळीतून पाहावं तेवढंच दिसत होतं. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "दोन महिने, फार तर तीन. जे बघायचंय ते बघून घ्या." तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्यावर दाजींनी तिला विचारलं, "काय बघायचंय तुला?" ताई म्हणाली, "काही नाही हो. घरी चला, दूध उतू जाईल." दूध मुळात तापत ठेवलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी माझ्या दारात उभे. हातात गोदामाची किल्ली. म्हणाले, "चल मेव्हण्या. तिला तिच्या बापाची लाँच पाण्यावर दाखवायची आहे."

चौदा वर्षांनी ते दार उघडलं. उंदीर, धूळ, वटवाघळांची घाण. लाँच लाकडी ठोकळ्यांवर बसलेली. मी आत शिरून तिच्या पोटात उभा राहिलो तर फळ्यांमधून बाहेरचा उजेड दिसत होता. काही ठिकाणी करंगळी जाईल एवढ्या फटी. कोपऱ्यात बाबांची जुनी गोणपाटाची पोती पडली होती. ती पाहिली आणि मला आठवलं. एखादी कोरडी पडलेली लाँच दुरुस्तीला आली, की बाबा पहिल्या दिवशी कशालाही हात लावायचे नाहीत. पोती भिजवून आतून-बाहेरून अंथरायचे, रोज दोनदा पाणी मारायचे, आणि दीड महिना नुसती वाट बघायचे. लाकूड पाणी पिऊन हळूहळू फुगतं, फटी आपोआप मिटत जातात. मग उरतील त्या सांध्यांत कापूस, तोही सैल हाताने. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख आठवलं. आणि मी बोललो नाही. वाटलं, नऊ वर्षं लाँच चालवलेल्या माणसाला माहीत असणारच. आपण कारकुनाने कशाला अक्कल पाजळायची.

दाजींना माहीत नव्हतं. लाकडाचं काम बाबांचं, इंजिनाचं त्यांचं, अशी वाटणीच होती. त्यांनी पोती उचलून बाहेर फेकली आणि इंजिनाला हात घातला.

इंजिनाचं काम करताना दाजींना बघावं. पिस्टन आतून गंजून चिकटले होते. दुसरा कुणी असता तर त्याने घण घातला असता. दाजींनी दोन्ही सिलिंडरांत डिझेल ओतलं आणि रोज सकाळी येऊन फक्त इंजिनाचं चाक हलतं का ते बघायचे. नाही हललं की पुन्हा थोडं ओतायचे, कपाळाला हात लावायचा नाही, शिवी द्यायची नाही. बाराव्या दिवशी चाक केसभर हललं. दाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. घाई केली असती तर मोडलं असतं." मग एकेक नळी, एकेक झडप काढून त्यांनी घासली, वायसर नवे कापले. त्यांना जुनी गाणी गुणगुणताना मी त्या महिन्यात पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळी घरी जाऊन ते ताईला दिवसभराचं सगळं सांगायचे, आणि आठ वर्षांनी त्या घरात दोघं एका विषयावर बोलू लागली.

यात महिना गेला. मग दाजी सांध्यांकडे वळले. हार्डवेअरच्या दुकानदाराने त्यांना फटी बुजवायची, दोन डब्यांत येणारी लांबी दिली होती. दोन्ही डबे एकत्र कालवायचे, भरायचं, चार तासांत दगड. दाजी खूश. त्यांनी प्रत्येक फटीत कापूस ठोकून ठोकून बसवला, इतका की छिन्नीचं टोक शिरू नये, आणि वरून लांबी दाबून भरली. तेव्हा मी चाचरत म्हणालो, "दाजी, बाबा कापूस जरा सैल भरायचे. आधी भिजवायचे बहुतेक."

"किती दिवस?"

"दीड महिना."

दाजींनी लांबीची पट्टी खाली ठेवली. "अरे, दोन महिन्यांतला एक संपला. काल हिने मीठ समजून साखर घातली. दीड महिन्याने मी तिला काय दाखवू?" मग म्हणाले, "आणि सैल ठेवलं तर गळणार नाही का?"

त्यांच्या हिशेबाने बरोबर होतं. मला कारण सांगता येईना. मी 'बहुतेक' म्हणालो होतो, त्या शब्दाआड जाऊन बसलो.

रंग लागायच्या आधी दाजींनी ताईला गोदामात आणलं. हाताला धरून तिला लाँचच्या बाजूने फिरवलं. ताईने तळहात फळ्यांवर टेकवला आणि पुढच्या टोकापासून मागपर्यंत चालत गेली. एका सांध्यावर थांबली, नख लावून पाहिलं. दाजी मागे उभे, जीव मुठीत धरून.

"हे काय भरलंय?" तिने विचारलं.

दाजींनी दोन्ही डब्यांचं माहात्म्य सांगितलं.

"छान गुळगुळीत झालंय," ताई म्हणाली. दाजींचा चेहरा असा उजळला की मलाच बघवेना.

तिला घरी सोडायला मी गेलो. गल्लीच्या वळणावर ती म्हणाली, "फुटेल ती."

मी थबकलो. ती तशीच चालत राहिली, माझ्या दंडाला धरून. "जागाच ठेवली नाही त्यांनी. लाकूड फुगलं की फळ्या एकमेकींना रेटणार, आतल्या बरगड्या तुटणार. चार दिवस टिकेल. फार तर पाच."

"मग सांग ना त्यांना. अजून रंगही लावला नाही. काढता येईल सगळं."

"काढता येईल. मग भिजवायला दीड महिना." तिने मान वळवून माझा चेहरा शोधला. आधी माझ्या कानापाशी पाहिलं, मग कपाळावर, मग डोळ्यांत. "तू मला आत्ता एवढाच दिसतोस. मला त्यांना एकदा सुकाणूवर बघायचंय रे. आठ वर्षं मी त्या माणसाकडे नीट बघितलंच नाही. तू बोलू नकोस."

"आणि बाबांची लाँच?"

ती घराच्या पायरीशी आल्यावर म्हणाली, "बाबांना मी समजावीन." बाबांना जाऊन आठ वर्षं झाली होती, हे मी काही तिला सांगितलं नाही.

लाँच पाण्यात उतरवली तेव्हा अर्धी गल्ली धक्क्यावर जमली होती. खाली लाकडी ओंडके घालून सात माणसांनी ती ढकलली. पाण्यात बसली आणि आत थेंब नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू केलं, आणि आपला तो ओळखीचा ठक-ठक आवाज पाण्यावर पसरला. मी ताईला हात धरून आत बसवलं आणि तिच्याशेजारी बसलो. कुणाला धक्क्यावर काही वाटलं असेल तर ते एवढंच, की ताई लाँच बघतच नव्हती. तिने सगळा वेळ डोळ्याची ती नळी दाजींवर लावली होती. कधी हातांवर, कधी मानेवर, कधी तोंडावर. दाजींनी विचारलं, "दिसतंय ना गं?" ती म्हणाली, "सगळं दिसतंय." त्या काठाला जाऊन आम्ही परत आलो. उतरताना दाजींनी तिला हात दिला आणि तिने तो घरी पोहोचेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी ती दोघंच गेली. तिसऱ्याही. परत आल्यावर ताई म्हणाली, "आता पुरे. मला पाण्यावर गरगरतं. तुम्हीही जाऊ नका, चार दिवस जरा माझ्याजवळ बसा." दाजी हिरमुसले. उद्या तिला वरच्या वळणापर्यंत न्यायचा त्यांचा बेत होता. पण तिचा शब्द त्यांनी मोडला नाही. लाँच धक्क्याला बांधून ठेवली.

पाचव्या सकाळी दाजींनी मला बोलावून नेलं. लाँच तिच्या वरच्या काठापर्यंत बुडाली होती. आम्ही कंबरभर पाण्यात उतरलो. तळाकडच्या तीन फळ्या बाहेर उसळल्या होत्या, आणि आत हात घातला तर बरगड्या मधोमध तडकलेल्या. लांबी मात्र जागच्या जागी होती, दगडासारखी. दाजींनी तिच्यावरून बोट फिरवलं. त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पाण्यात उभ्या उभ्या ते म्हणाले, "फुगायला जागाच ठेवली नाही मी." मग चिखलात बसून रडले. मी त्यांना बाबा गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. शांत झाल्यावर म्हणाले, "हिला सांगू नकोस. मुळीच नको."

झालं. एकीने सांगितलं बोलू नकोस, दुसऱ्यानेही सांगितलं बोलू नकोस. मी दोघांचा शहाणा भाऊ. दोघांनाही मान डोलावली.

सुताराला दाखवलं, त्याने सरळ सरपण म्हणून सांगितलं. मग दाजींनी इंजिन वर काढलं, धुतलं, तेल बदललं आणि धक्क्याजवळ काठावर जाड ठोकळ्यांवर बसवलं. शेजारी पाण्याचं पिंप, त्यातून इंजिन थंड ठेवायला नळी. रोज संध्याकाळी ते ताईला म्हणायचे, "जरा फेरी मारून येतो," आणि काठावर जाऊन अर्धा तास इंजिन चालवायचे. ताईचं घर धक्क्यापासून दोन गल्ल्यांवर. ती खिडकीशी बसून ऐकायची. तोवर तिला उजेड आणि काळोख एवढंच कळत होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि आश्चर्य म्हणजे सगळी गल्ली गप्प बसली. दाजी परत आले की ती विचारायची, "कुठवर गेला होतात?" ते सांगायचे वरच्या वळणापर्यंत, पाणी आज संथ होतं, बगळे होते. त्यांना रचून सांगायची सवय नव्हती. रोज बगळेच असायचे.

एकदा मी तिच्याजवळ बसलो होतो आणि लांबून इंजिनाचा आवाज येत होता. ती म्हणाली, "पाण्यावर आवाज असा आपटत नाही. जमिनीवर ठेवलंय ना?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "ते आले की चहा गरम दे. दमलेले असतात."

असं दीड वर्ष चाललं. दाजी या काळात फार खंगले. एका संध्याकाळी पिंपात पाणी भरता भरता मला म्हणाले, "तुझ्या बापाला मी फसवलं. त्याची लाँच मी मारली. आता हिलाही रोज फसवतो." मी म्हणालो, "जाऊ द्या दाजी." ते म्हणाले, "एक कळत नाही. तिने सांध्यांवर हात फिरवला होता. तुझा बाप ज्या हातावर भरवसा ठेवायचा, तो हात. तिला कसं कळलं नाही?" आणि मग स्वतःच उत्तर दिलं, "डोळ्यांबरोबर हातही गेला असेल बिचारीचा. मी तिला आधी विचारायला हवं होतं, तो शाबूत होता तेव्हा." मी खाली बघत नळी धरून उभा राहिलो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, दुपारी जेवून आडवे झालेले दाजी उठलेच नाहीत.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं. एका संध्याकाळी ताई खिडकीशी बसली होती आणि बाहेरून कसलाच आवाज येत नव्हता. तिने विचारलं, "लाँचबद्दल कधी काही बोलले तुझ्याशी?"

या वेळी मी काही लपवलं नाही. त्यांचं चिखलात बसून रडणं सांगितलं. पिंपाजवळचं बोलणंही सांगितलं, शब्दन् शब्द. हाताचंही.

ताईने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एका हाताने दुसरा धरून ठेवला. "हात गेला असं वाटलं त्यांना?" तिने विचारलं. मग म्हणाली, "मला वाटलं, मी त्यांना जपतेय. ते मला जपत होते. आणि दोष सगळा त्या एकट्याने वाहिला. तू सांगायचं होतंस रे."

"तूच नको म्हणाली होतीस."

"हो. मीच." ती रडू लागली. डोळे गेले तरी रडता येतं, हे मला तेव्हा कळलं.

मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. तिचं आणि दाजींचं, दोघांचंही मी अगदी मन लावून ऐकलं होतं. दोघांपैकी एकाचं जरी ऐकलं नसतं, तरी त्या माणसाने शेवटचं दीड वर्ष थोडं सुखात काढलं असतं.